जीए १० पीपीएम, २०० लिटरला किती? वहीत २ पुड्या, माझ्या गणितात २० ग्राम आणि दुकानदार म्हणतो पाव लिटर

निफाडचं_पोरगं

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. बाग द्राक्षाची, थॉमसन जातीची, पावणेदोन एकर, गोडी छाटणी (घड येण्यासाठीची) १२ ऑक्टोबरची, आज २१ वा दिवस. घड पोपटी हिरवे झालेत आणि उद्या नाहीतर परवा जीएचा (जिबरेलिक ॲसिड, घड लांबवायला आणि मणी फुगवायला मारतात ते) पहिला स्प्रे घ्यायचाय. आतापर्यंत हे सगळं अण्णाच बघायचे, मी पुण्यात नोकरीला होतो, पण यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी औषधाच्या आसपास फिरकायचं नाही असं बजावलंय, त्यामुळे बाग माझ्या गळ्यात.

आता गोंधळ असा. शेजारचे काका म्हणाले पहिला स्प्रे १० पीपीएम घे. मी नेटवर बघितलं, पीपीएम म्हणजे पार्ट्स पर मिलियन. मग मी हिशोब केला, लाखात १० भाग, म्हणजे १०० लिटर पाणी म्हणजे १ लाख ग्राम, त्यात १० ग्राम, म्हणून २०० लिटरच्या ड्रमला २० ग्राम. पण अण्णांच्या वहीत दरवर्षी एकच ओळ आहे, "जीए २०० ला, पहिला २, दुसरा ३, तिसरा ४, डिपिंग ८" बास. डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं एवढं कळतं, पण पुढे काहीच नाही, ग्राम आहे का मिली आहे का काय ते पण नाही. अण्णांना विचारलं तर म्हणतात पुड्या रे, अजून काय. आणि काल दुकानात गेलो तर दुकानदाराने जीएची बाटलीच दिली, लिक्विड, २५० मिलीची, म्हणाला आख्खी ओत ड्रममध्ये.

म्हणजे २ पुड्या, २० ग्राम आणि पाव लिटर, तीन जणांची तीन उत्तरं. घड एकदा बिघडला की वर्ष गेलं, म्हणून विचारतोय, हसू नका.

ठिबक_सिंचन

२० ग्राम टाकू नको!!! आधी ते थांबव मग बाकीचं बोलू. साधा हिशोब पाठ कर, १ ग्राम १०० लिटरला म्हणजे १० पीपीएम. तुझ्या ड्रमला २ ग्राम. अण्णा बरोबर आहेत.

खडू_फळा

ठिबकरावांनी उत्तर दिलंच आहे, पण चूक कुठे झाली ते तुम्हाला कळलं नाही तर डिपिंगच्या वेळी परत होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, घरची बाग दिंडोरीला आहे, त्यामुळे ही चूक मी फळ्यावर पण बघितलीय आणि बांधावर पण.

मिलियन म्हणजे लाख नव्हे हो, मिलियन म्हणजे दहा लाख. आपण लाख-कोटीत मोजणारी माणसं, मिलियन ऐकलं की डोकं आपोआप लाखावर जातं आणि एक शून्य गळतं. तुमची बाकीची मांडणी एकदम बरोबर आहे, फक्त लाखाच्या जागी दहा लाख घाला. दहा लाख ग्राम पाणी म्हणजे १००० लिटर, त्यात १० ग्राम, म्हणून २०० लिटरला २ ग्राम. २० ग्राम टाकले असते तर ते १०० पीपीएम झालं असतं, आणि पोपटी अवस्थेत १०० पीपीएम म्हणजे घडाचे देठ वाकडेतिकडे, कडक, दोऱ्यासारखे पिळलेले, आणि पुढच्या वर्षीच्या घडनिर्मितीवर पण परिणाम. जीए जास्त झालं की वेल ते विसरत नाही.

पण खरं सांगू का, दहा लाखाचा विचारच करू नका. पाण्यात पातळ द्रावण असेल तर पीपीएम म्हणजे एका लिटरला तेवढे मिलीग्राम, कारण एक लिटर पाणी एक किलोच्या आसपास भरतं आणि एका किलोत दहा लाख मिलीग्राम असतात. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलीग्राम. २०० लिटर गुणिले १० म्हणजे २००० मिलीग्राम, म्हणजे २ ग्राम. संपलं.

आता अण्णांची वही बघा. पुडी १ ग्रामची धरा. २ पुड्या २०० ला म्हणजे १० पीपीएम. ३ पुड्या म्हणजे १५. ४ पुड्या म्हणजे २०. आणि डिपिंगला ८ म्हणजे ४०. १०, १५, २० आणि मग डिपिंगला ४०, हेच तर थॉमसनला सगळीकडे चालतं! तुमच्या वडिलांनी आयुष्यात पीपीएम हा शब्द लिहिला नसेल, पण वही पीपीएमचीच आहे.

निफाडचं_पोरगं

सर, अंगावर काटा आला वाचून. अण्णांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मग मी काय वेगळं सांगत होतो 😅

पण मग बाटलीचं काय? लेबलवर लिहिलंय जिबरेलिक ॲसिड ०.००१ टक्के एल, म्हणजे लिक्विड. पैसे देऊन बसलोय.

ठिबक_सिंचन

बाटली पण जीएच आहे ना, मग तीच ओत ड्रममध्ये, पुड्या कशाला. लिक्विड लवकर मिसळतं उलट.

खडू_फळा

ठिबकराव, इथे मात्र थांबा. हे लेबल जरा बोट ठेवून वाचू.

टक्के म्हणजे शंभरात. ०.००१ टक्के म्हणजे १०० मिलीत ०.००१ ग्राम, म्हणजे १ मिलीग्राम. मग एका लिटरमध्ये किती? १० मिलीग्राम. आणि लिटरला १० मिलीग्राम म्हणजे किती पीपीएम? दहा. म्हणजे बाटलीतलं जे पाणी आहे, ते जसंच्या तसं, एक थेंब पाणी न घालता, १० पीपीएमचं आहे. तुम्हाला ड्रमभर १० पीपीएम हवं असेल तर ड्रमभर बाटल्याच ओताव्या लागतील, ८०० बाटल्या!

आणि दुकानदार म्हणतो तशी एक बाटली २०० लिटरमध्ये टाकली तर? पाव लिटरमध्ये अडीच मिलीग्राम जीए, ते २०० लिटरमध्ये पसरलं, लिटरला ०.०१२५ मिलीग्राम. तुम्हाला हवंय १०. म्हणजे आठशे पट कमी. घडाला कळणारसुद्धा नाही की कुणी काही मारलं.

दुकानदार फसवतोय असं म्हणत नाही मी. ते औषध भात, ऊस, कापूस असल्या पिकांना एकरी थोडं थोडं मारायला बनवलंय, तिथे त्याचा डोस वेगळ्या हिशोबाने धरलेला असतो. द्राक्षाच्या घडाची लांबी आणि मण्याचा आकार हे त्याचं काम नाही. बाटली उघडली नसेल तर परत करा.

टक्के ते पीपीएम करायला एकच गोष्ट लक्षात ठेवा, १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. ०.००१ ला दहा हजाराने गुणा, १० येतात.

ठिबक_सिंचन

बाब्बो. चूक मान्य. मी लेबलवरचा शून्य कधी मोजलाच नव्हता.

तासगावचा_बेदाणा

आमच्याकडं हा घोळ होत न्हाई कारण आमी टक्क्यातच बोलतो. बेदाण्याचं डिपिंग करताना पोटॅशियम कार्बोनेट अडीच टक्के आणि डिपिंग ऑइल दीड टक्का, म्हणजे १०० लिटरला अडीच किलो पावडर आणि दीड लिटर तेल. लहान पोरगं पण सांगतंय. पीपीएम बीपीएम भानगड नको वाटती.

पण एक शंका हाय सर. पावडर किलोत आणि तेल लिटरात, दोन्हीला टक्केच म्हणतो आपण, हे चालतंय का? आमच्या पुतण्याला कॉलेजात म्हणे तीन प्रकारचे टक्के शिकवलेत.

खडू_फळा

पुतण्या बरोबर आहे. वजनाला वजन, आकारमानाला आकारमान आणि आकारमानाला वजन असे तीन प्रकार असतात. तुमची पावडर १०० लिटर द्रावणात अडीच किलो म्हणजे आकारमानाला वजन, तेल दीड लिटर म्हणजे आकारमानाला आकारमान. कोणता टक्का ते सगळ्यांना आधीच ठाऊक असेल तर काही बिघडत नाही, तुमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून चालतं. तेल किलोने मोजून दीड किलो टाकाल तर मात्र फरक पडेल, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं, दीड किलो तेल दीड लिटरपेक्षा जास्त भरतं.

एक बारीक गोष्ट, परीक्षेत मार्क जातात म्हणून सांगतो, १०० लिटर पाण्यात टाकायचं नसतं, थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण १०० लिटर *करायचं* असतं. अडीच टक्क्याला शेतावर याने फार फरक नाही. पण साखरेच्या पाकासारखं घट्ट काही करत असाल तर पडतो.

निफाडचं_पोरगं

अपडेट. बाटली परत घेतली त्याने, कुरकुर केली पण घेतली. आता दोन ऑप्शन आहेत त्याच्याकडे, एक ५ ग्रामचं पाकीट ९० टक्के लिहिलेलं आणि दुसरं पाण्यात विरघळणारे दाणे, त्यावर ४० टक्के. अण्णांच्या १ ग्रामच्या पुड्या म्हणे सध्या नाहीत. आता ४० टक्केवाल्याचे पण २ च ग्राम टाकायचे का?

खडू_फळा

नाही! आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण खरा गोंधळ इथेच असतो. पीपीएम म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, *कशाचं* पीपीएम? पाकिटातल्या पावडरीचं का त्यातल्या जीएचं?

द्राक्षात आपण जे १०, २०, ४० बोलतो ते शुद्ध जीएचं. २ ग्राम शुद्ध जीए हवंय. ४० टक्केवाल्याच्या १ ग्राममध्ये ०.४ ग्रामच जीए, म्हणून २ भागिले ०.४, म्हणजे ५ ग्राम दाणे. ९० टक्केवाल्याचे २ भागिले ०.९, म्हणजे २.२ ग्राम. आता २.२ च्या ऐवजी २ टाकले तर ९ पीपीएम होईल, त्याने आभाळ कोसळत नाही, अण्णांच्या पुड्या पण बहुतेक ९० टक्क्याच्याच असणार आणि त्यांची बाग आजवर चांगलीच आलीय. पण ४० टक्केवाल्याचे २ टाकले तर ४ पीपीएम, मग घड लांबला नाही म्हणून जीएला शिव्या.

हेच बोर्डोला, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाला बघा. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. हा टक्का मोरचुदाचा आहे, तांब्याचा नाही. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, साडेपंचवीस टक्के. म्हणजे "एक टक्का बोर्डो"मध्ये तांबं फक्त पाव टक्का, अडीच हजार पीपीएमच्या आसपास. आणि युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा कुणी "नत्राचं १०० पीपीएम" म्हणालं तर युरिया लिटरला १०० मिलीग्राम नव्हे, २१७ लागेल.

बारावी_सायन्स

सर मधेच घुसतोय, आमचं सोल्युशन्सचं चॅप्टर चालू आहे. हे ४० पीपीएम जीए मोलॅरिटीत किती? पुस्तकात सगळी गणितं ग्लुकोज आणि मिठाचीच आहेत, बोअर झालंय.

खडू_फळा

तुम्हीच करा की. जीएचं रेणुवस्तुमान ३४६ धरा. लिटरला ४० मिलीग्राम.

बारावी_सायन्स

०.०४० भागिले ३४६ म्हणजे ०.०००११६ मोल पर लिटर?? एवढं कमी??? आणि एवढ्याने मणी फुगतो?

खडू_फळा

एवढ्याने फुगतो. म्हणून तर त्याला संजीवक म्हणतात, खत नाही.

ठिबक_सिंचन

बरं पोरा, विरघळवायचं कसं ते माहितेय का तुला? डायरेक्ट ड्रममध्ये पावडर टाकू नको, वर तरंगत बसती गुठळ्या करून. ॲसिटोन नाहीतर अल्कोहोल आण, त्यात आधी विरघळव, मग बादलीभर पाण्यात ओत हलवत हलवत, मग ड्रममध्ये. आणि ॲसिटोनजवळ बिडी सिगारेट कोणी पेटवत असला तर त्याला बांधाच्या पलीकडे पाठव. दाणेवाल्याला हे लागत नाही, ते सरळ पाण्यात जातंय.

आणि पाण्याचा पीएच बघ. आमच्या बोअरचं पाणी आठच्या वर आहे, जीएला एवढ्या जास्त पीएचचं पाणी मानवत नाही, सहाच्या आसपास आणावं लागतं. आम्ही सायट्रिक ॲसिड टाकतो आधी पाण्यात, मग पट्टीने बघायचं, मग जीए.

खडू_फळा

हे ठिबकरावांनी छान सांगितलं. जीए पाण्यात लिटरला ५ ग्रामच्या आसपासच विरघळतं, तेही हळूहळू, म्हणून आधी स्पिरिट.

आणि २.२ ग्राम मोजायचं कशावर ते पण ठरवा. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रामच्या खाली काही दाखवत नाही, त्यावर २.२ मोजणं म्हणजे एसटीच्या तिकिटावर नाशिक-पुण्याचं अंतर फूटपट्टीने मोजणं. मी काय करतो, ५ ग्रामचं पाकीट आख्खंच विरघळवतो. ९० टक्क्याच्या ५ ग्रामात साडेचार ग्राम जीए. स्पिरिट घालून बरोबर २२५ मिली करायचं, म्हणजे प्रत्येक मिलीत २० मिलीग्राम जीए आलं. आता २०० लिटरला २००० मिलीग्राम हवंय, म्हणजे १०० मिली. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाला १६० मिलीग्राम, म्हणजे ८ मिली, सिरिंजने घ्या. काटा लागतच नाही, मोजपात्र पुरतं. केलेलं लगेच वापरून टाका, आठवडाभर बाटलीत ठेवून मग मारू नका.

तासगावचा_बेदाणा

आणि ड्रम खरंच २०० चा हाय का बघा की! आमचा एक ड्रम काठोकाठ भरला तर २०० च्या वर पाणी घेतोय, आणि गडी कधी काठापर्यंत भरतोय कधी वीतभर खाली. गणित सोळा आणे आणि पाणी अंदाजे, मग काय उपयोग.

निफाडचं_पोरगं

हे भारी सांगितलं दादा. आज मोजलाच. १५ लिटरची बादली, तेरा पूर्ण बादल्या आणि वर ५ लिटर म्हणजे २००, तिथे आतून रंगाचा पट्टा मारला. पट्ट्याच्या वर अजून जवळपास चार बोटं जागा राहिली. म्हणजे आम्ही इतके वर्ष काठोकाठ भरून हिशोबापेक्षा थोडं कमीच मारत असू 😄

९० टक्केवालं पाकीट घेतलं. सोनाराकडे पण गेलो होतो, पाकीट खरंच ५ ग्रामचं आहे का बघायला, तो म्हणे सोनं आहे का हे, मी म्हटलं द्राक्षवाल्याला सोनंच. ५.०२ भरलं, पाकिटासकट नाही, नुसती पावडर, कागदावर ओतून. मग सरांनी सांगितलं तसं स्पिरिटमध्ये २२५ मिली केलं. पाण्याचा पीएच पट्टीने आठ आला, सायट्रिक टाकून सहावर आणला.

उद्या सकाळी मारतोय.

खडू_फळा

दव उतरू द्या आधी. घडावर पाणी लोंबत असेल तर तुमचं १० पीपीएम घडावर पोचल्यावर आणखी पातळ होतं. डिपिंगच्या वेळी तर हे जास्तच, ओला घड मगात बुडवला की मगातलं पण पातळ होत जातं, आणि मजूर लोक मग संपेपर्यंत तेच वापरतात.

निफाडचं_पोरगं

मारलं सर, साडेनऊला सुरू करून दुपारच्या उन्हाच्या आत आटपलं. अण्णा खाटेवर काळा चष्मा लावून बसले होते, दर ड्रमला विचारत होते, किती टाकलं? मी म्हणायचो १०० मिली. ते म्हणायचे पुड्यात सांग. शेवटी मीच म्हणालो, दोन पुड्या अण्णा, दोनच.

वहीत यंदाच्या ओळीखाली मी लिहून ठेवलंय, पुडी म्हणजे १ ग्राम, ९० टक्के, ड्रम पट्ट्यापर्यंत. अण्णांना वाचून दाखवलं तर म्हणाले, हे कशाला लिहायचं, पुडी एक ग्रामचीच असते.